मागच्या सिलिंडरचा ताप

विमान हँगरसमोर येऊन उभं राहिलं तरी कॅप्टन खरोटे इंजिन बंद करेनात. मी पंखाखालून वाकून दारापाशी गेलो, तेव्हा त्यांनी बोटानेच समोरचा तापमानाचा काटा दाखवला. हिरवी पट्टी मागे टाकून तो लाल रेघेच्या अगदी शेजारी जाऊन बसला होता. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“एक फेरी मारली फक्त,” ते म्हणाले. “हे विमान मी उद्या पोरांच्या हातात कसं देऊ, मिराशी?”

खाली उतरताना त्यांनी नाक वर करून हवेचा वास घेतला आणि हँगरमागच्या खोलीकडे पाहिलं. तिथे आमचा वॉचमन झिपरू आणि त्याची बायको देवकाबाई राहत. “आणि त्या बाईला सांगा, आजही भात करपला म्हणून,” असं म्हणून ते ऑफिसात निघून गेले.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. खानदेशातला एक फ्लाइंग क्लब. क्लब म्हणजे एक धावपट्टी, एक हँगर, एक कडुनिंब आणि दोन आसनांचं एकच विमान. कॅप्टन खरोटे मुख्य शिक्षक. मी सांगलीचा, सव्वीस वर्षांचा, मेंटेनन्स इंजिनिअरचा परवाना मिळून चार महिने झालेले. मला नुकती शिंगं फुटली होती असं म्हटलं तरी चालेल. विमानाच्या रजिस्टरमध्ये माझी सही झाल्याशिवाय ते जमिनीवरून हलत नसे, आणि ही गोष्ट मी दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

प्रत्यक्ष काम करणारे हात मात्र भिकन तात्यांचे. भिकन तात्या बाविस्कर तीस वर्षं तिथे फिटर होते. शिक्षण सातवी, परवाना कसलाच नाही. नियम असा, की काम त्यांनी करायचं आणि तपासून सही मी करायची. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हँगर सोडून घरी बसायचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरे आणि ते उगाच एखादा पाना पुसायला घेत. विमानाला ते ‘आपली पोर’ म्हणत. मला साहेब म्हणत, पण त्या साहेबात मला पुरेसा मान ऐकू येत नसे.

आता तापाचं सांगतो, कारण सगळं घडलं ते त्या तापावरून. त्या विमानाच्या इंजिनाला पाणी लागत नाही, ते हवेवरच थंड होतं. नाकाशी फिरणाऱ्या पंख्याच्या दोन्ही बाजूंना दोन भोकं असतात, तिथून हवा आत येते. इंजिनाभोवती पत्र्याचं कवच असतं, त्याला काउलिंग म्हणतात. आत आलेली हवा इंजिनाच्या वर कोंडली जाते आणि सिलिंडरवरच्या पातळ कंगोऱ्यांमधल्या फटींतून रेटली जाऊन खाली जाते. जाताना उष्णता घेऊन जाते आणि पोटाखालून बाहेर पडते. कडेला पत्र्याच्या भिंती असतात, त्यांच्या काठांवर रबराच्या पट्ट्या. काउलिंग आणि भिंत यांच्यात फट राहू नये म्हणून.

पहिल्या आठवड्यातच तात्यांनी मला हे त्यांच्या पद्धतीने समजावलं होतं. “वारा मोठा कामचुकार असतो, साहेब. फट दिसली की काम न करता पळतो. त्याला कोंडावं लागतं.” हे मला परीक्षेला पन्नास पानांत होतं, त्यामुळे मी फक्त मान हलवली.

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी तात्यांनी त्या पट्ट्या बदलल्या. जुन्या कडक होऊन चिरल्या होत्या. नव्या त्यांनी रबराच्या तावातून स्वतः कापल्या. त्याच गुरुवारी खंडेनवमी होती. हत्यारांची आणि विमानाची पूजा दरवर्षी तात्याच करत, पंख्याला हळदकुंकू लावून, हार घालून. त्या वर्षी मी म्हटलं, इंजिनिअर मी, पूजा माझ्या हातची. काउलिंग उघडून, सांगलीहून आईने लिहून पाठवलं होतं तशी मंत्र म्हणून साग्रसंगीत पूजा केली. कॅप्टनसाहेबांनी फोटो काढला. तात्या मागे हात जोडून उभे होते. पुढच्या सोमवारी विमान उडालं आणि काटा चढला.

हा काटा डाव्या बाजूच्या मागच्या सिलिंडरला जोडलेला होता. सगळ्यांत जास्त तापतो तोच. मला कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण ते मी आधीच ठरवून टाकलं होतं. नवं काय केलं होतं? रबर. कुणी केलं होतं? तात्यांनी.

मंगळवारी भर दुपारी मी इंजिनावर ताडपत्री टाकायला लावली, काउलिंगच्या आत विजेचा पेटता दिवा ठेवला आणि ताडपत्रीखाली डोकं घालून बाहेरून कुठे उजेड दिसतो का ते पाहू लागलो. घामाने डोळे चुरचुरत होते. मागच्या कोपऱ्यात, डाव्या बाजूला, एक बारीक उजेडाची रेघ दिसली. तिथे पट्टी नखभर आखूड पडली होती.

मी तात्यांना बोलावून ती रेघ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मग बोटाने ती जागा चाचपली.

“खरंच आखूड झाली,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “डोळ्यानं दगा दिला असेल, साहेब. वर्षभरापासून थोडं धूसर दिसून राहिलं. मी बोललो नाही कोणाला.”

त्यांनी तेवढा तुकडा लगेच बदलला. पण बुधवारी सकाळच्या फेरीत काटा पुन्हा तिथेच. तेव्हाच कॅप्टन खरोट्यांनी तो मला बोटाने दाखवला. आणि मी त्यावरून काय निष्कर्ष काढला? एक पट्टी चुकली तर बाकीच्याही चुकल्या असणार. रबराचा संशय टाकून द्यायच्या ऐवजी मी तो वाढवला. माणसाला आपण हुशार आहोत असं दाखवायचं असलं की असं होतं.

मी रजिस्टर उघडलं आणि शाईने लिहिलं, की तापमान वाढण्याचं कारण फिटर बाविस्कर यांनी हलगर्जीपणे बसवलेल्या रबरी पट्ट्या हे असून सर्व पट्ट्या कारखान्यातून मागवाव्यात, तोवर विमान उडवू नये. खाली सही ठोकली. हलगर्जी हा शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

कॅप्टनसाहेबांनी ते दोनदा वाचलं. तात्यांच्या डोळ्यांचंही मी त्यांच्या कानावर घातलं. पट्ट्या यायला तीन महिने लागतील, तोवर क्लब बंद, असं ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, की भिकनचे डोळे गेले असतील तर त्याला आता घरीच बसवावं लागेल, आणि हे आपण त्याला चार वाजता बोलावून सांगू. मी बरं म्हटलं.

तात्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तीस वर्षं काढलेल्या माणसाला दारं कशी उघडतात-मिटतात त्यावरून कळतं. जेवायच्या सुट्टीत ते कडुनिंबाखाली बसले आणि पेटीतली स्वतःची हत्यारं एकेक करून पुसून जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळू लागले. डबा उघडलाच नाही.

मी हँगरमध्ये बसून माझा डबा खात होतो, तेव्हा देवकाबाई आली. एरवी ती माठात पाणी भरून गुपचूप निघून जाई. आज कळशी खाली ठेवून उभी राहिली.

“साहेब, एक बोलू का? तीन दिवसांपासून सगळे मला हसून राहिले. भात करपला, भात करपला. कॅप्टनसाहेब बोलले, आमचे हेबी बोलले.”

मी हसून म्हटलं, करपत असेल एखाद्या वेळी, त्यात काय मनाला लावून घ्यायचं.

“कसा करपेल? नवरात्र झाल्यापासून आमच्या चुलीवर तांदळाचा दाणा नाही चढला. आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाणारे. या, पाहून घ्या घरात.” तिने कळशी पुन्हा कमरेवर घेतली. “आणि एक सांगू? तुमचं विमान बंद असलं ना, तर वास नाही येत. ते चालू झालं की येतो. मी तीन दिवस पाहून राहिले. करपतं ते तुमच्याच घरात.”

ती निघून गेली. माझा घास हातातच राहिला.

विमानाचं तेल जळल्याचा वास मला ठाऊक होता, रबर जळल्याचाही. हा वास तसा नव्हता, हे खरं होतं. तळाशी लागलेल्या भाताचाच होता तो. मी डबा बाजूला सारला, काउलिंगचे स्क्रू सोडवून ते उतरवलं आणि इंजिनावर वाकलो. वरून सगळं स्वच्छ होतं. तीन दिवस मी वरूनच बघत होतो, आणि मुख्य म्हणजे रबराकडेच बघत होतो. सिलिंडरच्या खालच्या अंगाला त्याला वेढून बसलेला एक वाकवलेला पत्रा असतो, हवा शेवटपर्यंत कंगोऱ्यांना चिकटून जावी म्हणून. त्याच्या आत पाहायला लांब दांडीचा छोटा आरसा लागतो. तो मी पेटीतून काढून खाली घातला.

डावा मागचा सिलिंडर खालून काळा दिसला. बाकीचे तीन राखाडी.

पत्रा सोडवला तेव्हा काळी खरवड हातात आली. वर झेंडूच्या पाकळ्या जळून चिकटलेल्या, आणि त्यांच्याखाली, कंगोऱ्यांच्या फटीफटींत गच्च बसलेले तांदूळ. काही कोळसा झालेले, काही तपकिरी. अगदी कडेला एक दाणा अजून गुलाबी होता. कुंकवाचा.

खंडेनवमीला मी डाव्या बाजूला उभा होतो. आईने लिहिलं होतं, अक्षता तुपात भिजव, सढळ हाताने वाहा. मी दोन ओंजळी वाहिल्या होत्या. थेट इंजिनावर. दाणे कंगोऱ्यांमधून घसरत खाली गेले आणि पत्र्याच्या वेढ्यात साचले. तुपाने धरून ठेवलं, उष्णतेने भाजून काढलं. हवा वरून यायची, पण तिला जायला वाट मी बंद केली होती. नखभर उजेडाच्या रेघेने ताप इतका चढत नसतो, हे परीक्षेतल्या त्या पन्नास पानांत होतं.

पहिला विचार कोणता आला ते सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. पहिला विचार आला तो हा, की हे दहा मिनिटांचं काम आहे. बांबूची कामटी, ब्रश, आणि हवेची नळी. साफ केलं की काटा खाली येईल. नव्या पट्ट्या येतील, त्या बसवल्या की सगळे म्हणतील, मिराशीने बरोबर ओळखलं. कुणालाही कधीही कळणार नाही. मी कामटी उचलली आणि दोन कंगोरे साफही केले. दाणे खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर टपटप पडत होते.

“साहेब.”

तात्या मागे उभे होते. कधी आले कळलंच नाही. ते वाकले, वर्तमानपत्रावरचा एक दाणा उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. बहुधा त्यांना दिसला नाही. त्यांनी तो दोन बोटांत चुरडून नाकाला लावला.

मग त्यांनी माझ्या हातातली कामटी घेतली आणि खाली बसून उरलेले कंगोरे साफ करू लागले.

“साफ करून टाकू,” ते म्हणाले. “मी काही पाहिलं नाही. माझं वर्षच राहिलं आता, आज काय अन् उद्या काय. पट्टी माझी आखूड होतीच ना. तुमचं लायसन नवं आहे, त्याला डाग नको.”

हे त्यांनी मला टोचायला म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. पण त्यांच्या बोलण्यात तसं काही नव्हतं. ते खरंच माझी काळजी करत होते. ज्या माणसाला मी सकाळी शाईने हलगर्जी ठरवलं होतं, तो दुपारी माझ्यासाठी कामटीने तांदूळ काढत बसला होता. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, “राहू द्या तात्या. जसं आहे तसं राहू द्या. कॅप्टनसाहेबांना दाखवायचंय.”

पूजेची थाळी अजून हँगरच्या कोनाड्यात होती. तिच्यातच मी ती खरवड आणि दाणे भरले आणि चार वाजायची वाट न बघता ऑफिसात गेलो. थाळी कॅप्टनसाहेबांच्या टेबलावर ठेवली. ते चहा पीत होते. मी काय झालं ते सरळ सांगितलं. साफ करून गप्प बसायचा विचार आला होता, हेही सांगून टाकलं.

कॅप्टन खरोट्यांनी तो गुलाबी दाणा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्यांच्या मिशा हलल्या, पण हसू त्यांनी आवरलं.

“रजिस्टर आणा,” ते म्हणाले.

विमानाच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं खोडता येत नाही. पान फाडायचं नाही, शाई पुसायची नाही, वर कागद चिकटवायचा नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचे शब्द वाचता आले पाहिजेत, आणि शेजारी सही करायची. हा नियम मी पाठ केला होता, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मी रेघ मारली. हलगर्जी हा शब्द रेघेखालून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्याखाली मी लिहिलं, की पट्टीतला दोष किरकोळ होता व तो फिटरने त्याच दिवशी दुरुस्त केला, तापमान वाढण्याचं खरं कारण मेंटेनन्स इंजिनिअरने पूजेच्या वेळी इंजिनावर टाकलेल्या अक्षता हे आहे. रजिस्टर इंग्रजीत होतं. अक्षतांना इंग्रजीत काय म्हणायचं यावर मी अडलो, तेव्हा कॅप्टनसाहेब म्हणाले, “तांदूळ लिहा. मुंबईच्या ऑफिसला कळेल तेवढं. दोन ओंजळी हेही लिहा.”

मग त्यांनी तात्यांना बोलावलं. चार वाजता बोलवायचं होतंच. डोळ्यांसाठी तालुक्याच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि नवा चष्मा येईपर्यंत कापाकापीचं काम मिराशी करतील, असंही वर सांगितलं. तात्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली गुंडाळून ठेवलेली हत्यारं पुन्हा पेटीत लावून ठेवली. मी मदत करायला गेलो तर म्हणाले, राहू द्या, यांच्या जागा ठरल्या आहेत.

गुरुवारी सकाळी विमान उडालं. कॅप्टनसाहेबांनी तीन फेऱ्या मारल्या आणि खाली आल्यावर काचेतून मला अंगठा दाखवला. काटा हिरव्या पट्टीच्या मधोमध होता. देवकाबाई दारात उभी राहून मोठमोठ्याने हवा हुंगत होती, सगळ्यांना दिसेल अशी. मी तिच्यापुढे हात जोडले.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी तात्यांची शेवटची. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. विमान धुऊन पुसून हँगरसमोर उभं केलं होतं, पंख्याला झेंडूचा हार. देवकाबाईने त्या दिवशी आम्हा सगळ्यांसाठी हौसेने मसालेभात केला होता आणि तो खरोखरच करपला होता, पण ते बोलायची कुणाची छाती नव्हती. मी मुद्दाम मागे, कॅप्टनसाहेबांच्या आड उभा होतो. पूजा तात्यांनीच करायची, हे मी ठरवून टाकलं होतं.

तात्यांनी पंख्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. मग वळून नव्या चष्म्यातून सगळ्यांवर नजर फिरवली आणि मला शोधून काढलं.

“साहेब, या ना. अक्षता तुमच्या हातच्या.”

मी नको म्हटलं. कॅप्टनसाहेब हसू लागले, झिपरूही हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी थाळी माझ्या हातात दिली आणि विमानाच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. पंख्याच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी ती दोन भोकं होती. त्यांनी आपले दोन्ही तळवे पसरले आणि एकेका भोकावर एकेक हात नीट झाकून धरला.

“हं,” ते म्हणाले. “आता वाहा बिनधास्त.”

माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे नेम काही धड लागला नाही. पंख्यावर थोड्या पडल्या, बाकी सगळ्या तात्यांच्या हातांवर.